जुन्या गाडीला मोठे इंजिन

पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या वाहनाला बोरघाट, साताऱ्याकडे जाणाऱ्याला कात्रज व खंबाटकी, सासवडला जाणाऱ्याला दिवे घाट आणि कोकणात उतरणाऱ्याला ताम्हिणी किंवा वरंधा, असे चढउतार पिढ्यान्‌पिढ्या करावे लागत आले आहेत. सपाटीवर निमूटपणे धावणारी मोटार माणसे आणि सामान भरून घाटाला लागली की इंजिनाची खरी ताकद कळते. त्यामुळे गाडी तीच ठेवून तिच्यात अधिक मोठे इंजिन बसवावे, हा विचार या भागातील मोटारमालकांच्या व कारागिरांच्या मनात फार पूर्वीपासून घोळत आला, यात नवल नाही. १९८० व १९९० च्या दशकांत अनेक अँबॅसॅडर गाड्यांमध्ये आणि जीपमध्ये मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. गिअर बॉक्स, मागचा आस, ब्रेक, पाटे आणि सांगाडा मात्र पुष्कळदा मूळचाच राहिला.

हा सारा खटाटोप आज केवळ इतिहास म्हणून पाहण्यासारखा नाही. अशी वाहने खेड्यापाड्यांतून अजूनही आढळतात, विकली जातात, प्रवासी आणि विद्यार्थ्यांची वाहतूकही करतात. अशा वाहनात कोणता भाग नवा आणि कोणता जुना आहे, जुन्या भागावर नव्या इंजिनाचा किती ताण येतो आणि कायदा याबाबत काय म्हणतो, हे सरपंचापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत सर्वांना ठाऊक असणे हिताचे आहे.

मॅटॅडोर आणि अँबॅसॅडर

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत आता सामान्यनाम झाला आहे. वस्तुतः ते एका जर्मन वाहनकंपनीचे नाव. तिच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डी येथे उभा राहिला. आज ही कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. मॅटॅडोर ही तिचीच गाडी, आणि तेही नाव टेम्पोप्रमाणेच लोकांच्या तोंडी एका प्रकारच्या वाहनाचे नाव होऊन बसले. १९८० च्या दशकात या कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या रचनेचे ‘ओएम ६१६’ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन भारतात बनवण्यास आरंभ केला. मजबूत, दीर्घायुषी, दुरुस्तीला सोपे आणि सुटे भाग सहज मिळणारे असे हे इंजिन कारागिरांच्या पसंतीस उतरले.

दुसऱ्या बाजूला अँबॅसॅडर होती. सरकारी कचेऱ्यांपासून टॅक्सीपर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या या गाडीचे पेट्रोल इंजिन १,४८९ घन सेंटिमीटरचे होते. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते, म्हणून उत्पादकाने १९८० च्या सुमारास त्याच आकाराचे डिझेल इंजिन घातलेली अँबॅसॅडर बाजारात आणली. तिचा इंधनखर्च कमी होता, पण भरलेली गाडी घाट चढताना हे लहान डिझेल इंजिन मेटाकुटीस येई. साहजिकच लक्ष मॅटॅडोरकडे वळले.

इंजिनाचा आकार म्हणजे त्यातील सर्व सिलिंडरांत दट्ट्या वरून खाली जाताना जेवढी जागा व्यापतो तिचे घनफळ. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना वृत्तचितीचे घनफळ काढता येते, तेवढ्यावर हा हिशेब होतो. अँबॅसॅडरच्या इंजिनातील सिलिंडरचा व्यास सुमारे ७.३० सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ८.८९ सेंटिमीटर. त्रिज्येचा वर्ग, पाय आणि धाव यांचा गुणाकार केला की एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ३७२ घन सेंटिमीटर येते, आणि चारांचे मिळून १,४८९. मॅटॅडोरच्या इंजिनाचा व्यास ९.०९ आणि धाव ९.२४ सेंटिमीटर. त्याचे उत्तर २,३९९ च्या जवळ येते. म्हणजे घनफळात ६१ टक्क्यांची वाढ झाली.

मात्र घनफळ ६१ टक्क्यांनी वाढले म्हणून शक्तीही तेवढीच वाढते, असे समजणे चूक आहे. त्या काळातील साधे डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनाइतके वेगाने फिरत नाही, आणि शक्ती ही पीळ व फेरे या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. डिझेल इंजिनाचा लाभ निराळ्या ठिकाणी आहे. ते कमी फेऱ्यांतच चांगला पीळ देते. चढावर गिअर वारंवार बदलावा लागत नाही आणि गाडी संथ, पण न थकता वर जाते. घाटातील मोटारमालकाला हेच हवे होते.

जुन्या भागांची परीक्षा

इंजिन उचलून बसवणे हे या कामातील त्या मानाने सोपे प्रकरण. साखळीचा घोडा, चार माणसे आणि एक दिवस एवढ्यावर ते भागते. खरी परीक्षा असते ती न बदललेल्या भागांची, कारण गाडीतील प्रत्येक भाग मूळ इंजिनाच्या वजनाचा, पिळाचा व उष्णतेचा विचार करून घडवलेला असतो.

पहिला प्रश्न गिअर बॉक्सचा. जुना गिअर बॉक्स ठेवायचा, तर नव्या इंजिनाच्या पाठीमागील छिद्रे त्याच्या घंटेच्या आकाराच्या हौसिंगशी जुळत नाहीत. मग दोहोंच्या मध्ये जाड पोलादी पट्टी कापून, लेथवर साफ करून बसवावी लागते. भोसरी, हडपसर या भागांतील लहान कारखान्यांतून असे काम करणारे कुशल टर्नर पुण्याला कधी कमी पडले नाहीत. पण या पट्टीत एक मेख आहे. इंजिनाचा क्रँक आणि गिअर बॉक्सचा पुढचा दांडा यांची मध्यरेषा एकच असली पाहिजे. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा फरकही दांड्याच्या टोकाचे बेअरिंग आणि क्लचप्लेट अकाली झिजवतो. पट्टी नजरेच्या अंदाजाने बसवली आहे की मापयंत्र लावून, हे गाडी दारातून बाहेर पडताना कळत नाही. ते काही हजार किलोमीटरनंतर कळते, आणि बहुधा घाटातच.

क्लचचेही तसेच आहे. जुन्या क्लचप्लेटचा व्यास जुन्या इंजिनाच्या पिळापुरता असतो. त्याहून अधिक पीळ आला की प्लेट घसरते, तापते आणि जळते. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते. पेट्रोल इंजिनात त्या काळी हे प्रमाण आठास एक किंवा त्याहून कमी असे, तर ओएम ६१६ मध्ये ते एकवीसास एक होते. त्यामुळे त्याचा प्रत्येक ठोका हिसक्यासारखा असतो. हे हिसके क्लच, गिअरचे दाते, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागच्या आसाचे दाते या सर्वांतून जातात. मूळ फाउंडेशनचे रबर या थरथरीला पुरत नाही. सांगाड्याला नवे कंस डाखून इंजिन टेकवले जाते, आणि डाख वाईट असला तर भेग तेथूनच पडू लागते.

मागच्या आसाच्या प्रमाणाचा विचार कारागीर पुष्कळदा करीत नाहीत, म्हणून त्याचा हिशेब थोडा सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. समजा, एका गाडीच्या आसाचे प्रमाण साडेचारास एक आहे, म्हणजे इंजिनाचा दांडा साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरते. चाकाचा घेर २ मीटर आहे आणि वरच्या गिअरमध्ये गिअर बॉक्स फेरे जसेच्या तसे पुढे देतो. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असता चाक सुमारे ८८९ फेरे घेईल, म्हणजे गाडी मिनिटाला १,७७८ मीटर, अर्थात ताशी सुमारे १०७ किलोमीटर जाईल. आता डिझेल इंजिन बसवले आणि ते बिनत्रासाने ३,००० फेऱ्यांपर्यंतच फिरते असे धरले, तर त्याच आसावर गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटरवर येतो. पूर्वीचा वेग हवा असेल, तर आसाचे प्रमाण ३.४ च्या जवळ आणावे लागेल. मालकाला हा हिशेब कोणी सांगत नाही. तो रिकाम्या मोठ्या रस्त्यावर इंजिन झेपणार नाही इतके पळवतो, आणि नंतर इंजिनाला दोष देतो.

उष्णतेचे गणित याहून सरळ आहे. इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश भाग कामास येतो, जवळजवळ तेवढाच पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो आणि उरलेला सायलेन्सरमधून व इतर वाटांनी निघून जातो. इंजिनाची शक्ती वाढली की रेडिएटरवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो. जुना रेडिएटर ठेवला तर गाडी गावात ठीक चालते, एप्रिल-मेमध्ये खंबाटकीच्या निम्म्यावर मात्र वाफ सोडू लागते. घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या कित्येक गाड्यांचे कारण एवढेच असते.

सेल्फ, बॅटरी आणि तारा याही बदलाव्या लागतात, कारण जास्त दाबाचे इंजिन फिरवायला सेल्फला अधिक जोर लागतो. डिझेल पंपाकडून उरलेले तेल टाकीत परत नेणारी नळी नव्याने टाकावी लागते. या गोष्टी खर्चाच्या असल्या तरी जिवावरच्या नाहीत.

ब्रेक

जिवावरची गोष्ट आहे ती ब्रेक. इंजिन बदलताना सर्वांत अधिक दुर्लक्ष याच भागाकडे होते, कारण जुने ब्रेक चालत असतात, निदान चालल्यासारखे दिसतात.

धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून वेग ८० झाला, तर तो एकतृतीयांशानेच वाढला असे वाटते, परंतु थांबवायची ऊर्जा पावणेदोनपटींहून अधिक होते. उतारावर तर वेग कायम ठेवण्यासाठीही ब्रेकला सतत ऊर्जा पचवावी लागते. माणसांसह १,६०० किलो वजनाची गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ४७ लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने साधारण १५ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. काही ऊर्जा हवेचा रोध आणि इंजिनाची ओढ घेतात, पण उरलेली सारी चार ड्रममध्ये उतरते. जुन्या बंदिस्त ड्रमना ती लवकर बाहेर टाकता येत नाही. ते तापले की पायाखालचे पेडल खाली जाते, पण पकड येत नाही. नवे इंजिन जुन्यापेक्षा जड असले की पुढच्या चाकांवरचा भार वाढतो, पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या ब्रेकचे काम आणखी वाढते.

यात एक बारकावा आहे आणि तो प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. काही गाड्यांत पायाचा जोर वाढवणारी निर्वात यंत्रणा, जिला कारागीर बूस्टर म्हणतात, ती इंजिनाच्या हवेच्या नळीतील पोकळीवर चालते. पेट्रोल इंजिनात ही पोकळी आपोआप निर्माण होते, कारण हवेच्या वाटेवर झडप असते. डिझेल इंजिनात सामान्यतः अशी झडप नसते आणि पोकळीही नसते. म्हणून डिझेल गाडीला वेगळा निर्वात पंप द्यावा लागतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन घातले आणि हा पंप विसरला, तर पेडल दगडासारखे घट्ट लागते. ते सवयीने ठीक वाटते, ऐन वेळी मात्र दुप्पट जोर लावूनही गाडी थांबत नाही. ही झडप नसल्यामुळेच, उतारावर पाय काढला तरी डिझेल इंजिनाची अडवणूक कित्येकांच्या अपेक्षेपेक्षा कमी पडते. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर आधीच टाकणे आवश्यक असते.

कारखान्यांनीही हे प्रयोग केले आहेत आणि त्यांची रीत पाहणे उद्बोधक आहे. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली ती अँबॅसॅडरच्याच १,४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनासह. एवढ्या मोठ्या गाडीला ते इंजिन अपुरे पडते, ही तक्रार सर्वांनीच केली. पुढे तिच्यात इसुझूचे १,८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन आले, आणि त्याबरोबर पाच गतींचा नवा गिअर बॉक्सही. महिंद्राने जीपसाठी प्यूजो कंपनीचे डिझेल इंजिन घेतले. त्याच्या नावातील ‘४.९०’ म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. ८३ मिलिमीटर धाव धरून २,११२ घन सेंटिमीटर हे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. कारखान्याकडे नकाशे, परीक्षणशाळा आणि धावपट्टी असते. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून वा मोडीतून सुटे भाग गोळा करून गाडी उभी करणाऱ्या कारागिराकडे हात आणि अनुभव असतो. हा अनुभव तुच्छ लेखण्यासारखा मुळीच नाही. परंतु तापलेल्या ड्रमची पकड किती उरली, हे हाताने चाचपून सांगता येत नाही.

कायदा कोठे उभा आहे

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात फेरफार करणाऱ्या मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला सूचना देऊन मान्यता घ्यावी, अशी तरतूद होती. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ हे आरंभी त्याच धर्तीवर होते. त्यामुळे त्या काळात रीतसर मान्यता घेऊन इंजिन बदललेल्या गाड्यांची नोंद आरसी बुकात आढळते. २००० साली हे कलम बदलले. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये, असा आता नियम आहे. सीएनजी, एलपीजी, वीज अशा निराळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त संच बसवण्यास त्यात सवलत आहे. तसेच दहा किंवा अधिक परिवहन वाहने असलेल्या मालकाला त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमान्यतेविना बदलण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. असा बदल केल्यावर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

थोडक्यात, निकामी झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे इंजिन घालून त्याचा क्रमांक रीतसर नोंदवणे वेगळे, आणि १,४८९ च्या जागी २,३९९ बसवणे वेगळे. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, घनक्षमता, सिलिंडरांची संख्या आणि इंधनाचा प्रकार हे सर्व लिहिलेले असते. प्रत्यक्ष गाडी त्याहून निराळी असेल, तर पासिंगला अडचण येते आणि अपघातानंतर विम्याच्या भरपाईबाबत वाद उद्भवतो. हा वाद मालकापुरता राहत नाही. जखमी प्रवासी आणि त्यांचे कुटुंबीयही त्यात भरडले जातात.

जुनी गाडी विकत घेताना किंवा शाळेच्या सहलीसाठी भाड्याने ठरवताना बॉनेट उघडून इंजिनावरचा क्रमांक व सांगाड्यावरचा क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. क्रमांक घासलेला दिसला, प्रमाणपत्रात पेट्रोल आणि टाकीत डिझेल आढळले, किंवा इंजिन खरेदीची पावती मालक दाखवू शकला नाही, तर व्यवहार तेथेच थांबवावा. चोरीच्या गाड्यांची इंजिनेही अशाच वाटांनी फिरतात. पंचायतींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शासनाच्या व पंचायतींसह स्थानिक स्वराज्य संस्थांच्या १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. अशा वाहनात इंजिन बदलून त्याचे आयुष्य वाढवण्यावर खर्च टाकणे म्हणूनच निरर्थक ठरते.

इंजिन बदलण्याचे हे कसब आता निराळ्या दिशेने वळत आहे. पुण्याच्या रिक्षा सीएनजीवर धावू लागल्या. जुन्या गाडीचे इंजिन काढून विजेची मोटर व बॅटरी बसवण्याचे संचही तयार होत आहेत. अशा संचांची तपासणी मान्यताप्राप्त संस्थेत व्हावी लागते. १९६६ साली स्थापन झालेली आणि कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था आहे. विजेच्या मोटरीतही जुने प्रश्न तसेच उभे राहतात. मोटर स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण पीळ देते, बॅटरीचे वजन भलत्याच ठिकाणी पडते, आणि बूस्टरला पोकळी पुरवणारे इंजिनच नाहीसे झालेले असते. म्हणून संचाबरोबर विजेवर चालणारा निर्वात पंप आहे किंवा नाही, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मालकाने विचारून घ्यावे.